पडावावरचा मांडव

जयाबाईंनी समुद्र बघायची गोष्ट काढली तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या आणि हरिभाऊ दाढी करत होते. दाढी करताना माणसानं कुणाला कसलं वचन देऊ नये, असं पुढं हरिभाऊ बऱ्याच जणांना सांगत. गालावर वस्तरा असताना "बघू, विचार करू" एवढं बोलता येत नाही, नुसतं "हूं" म्हणता येतं. आणि "हूं" म्हणजे होकार, हा बायकांचा जुना कायदा आहे.

"होडीत बसून बघायचा," जयाबाई म्हणाल्या. "काठावरनं काय, कुणीपण बघतंय. आणि गाजावाजा नको. जायचं, बसायचं, बघायचं, यायचं."

"हूं," हरिभाऊ म्हणाले.

हरिभाऊ हुदलीकर बेळगावात ठळकवाडीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवत. पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन, हे त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं; स्वतः मात्र जन्मभर त्या एका भागावरच राहिले होते. त्यांनी पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे गोकाकचा धबधबा, आणि तोही उन्हाळ्यात. भरती-ओहोटी ते कंदील, लिंबू आणि रव्याचा लाडू घेऊन शिकवत. कंदील म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे पृथ्वी आणि लाडू म्हणजे चंद्र. मुलांना सगळं समजे. फक्त तास संपल्यावर चंद्र कुठं जातो, एवढं समजत नसे.

जयाबाई चिकोडीच्या. लग्नापासून त्यांनी नवऱ्याकडं काही मागितलंच नव्हतं असं नाही, पण मागितलेलं सगळं स्वयंपाकघरात लागणारं होतं. लेक वसुधा सासरी गेल्यापासून घर रिकामं झालं होतं, आणि रिकाम्या घरात बाईला समुद्र आठवला तर त्यात नवल काही नाही. दाढी पुसताना हरिभाऊंना एवढं कळलं, की ही मागणी टाळण्यातली नाही. नाताळच्या सुट्टीत जायचं ठरलं. बेळगावहून सर्व्हिस मोटारीनं आंबोलीचा घाट उतरायचा, केळंबे नावाच्या लहानशा बंदरावर जायचं, तिथल्या खाडीतून होडीनं समुद्राच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचं. एक मुक्काम. कुणाला सांगायचं नाही.

पण घराला कुलूप लावायचं म्हटल्यावर दूध बंद करायला हवं, आणि ठळकवाडीत गुपित फुटायला एवढं कारण पुरे होतं.

दूध उचगावचा नागोजी घाली. एकेकाळचा पैलवान, आता आखाडा सुटला होता, पण छाती तेवढीच राहिली होती.

"दोन दिस दूध न्हाय? कुटं चाललाय मास्तर?"

"जरा समुद्रावर जाऊन येतो."

नागोजीनं चरवी खाली ठेवली. "होडीतनं? आनि होडी उलटली तर? तुमाला पवाय येतंय?"

"नाही."

"वैनींना?"

"नाही रे."

"मग मी येतो. मला येतंय."

"तू कुठं पोहतोस?"

"आमच्या हिरीत."

"नागोजी, समुद्र विहिरीपेक्षा मोठा असतो."

"असंल की. मोठा असला तर पवाय जागा जास्त."

या मुद्द्याला भूगोलात उत्तर नव्हतं. शिवाय मधल्या भिंतीवरून मारुतीराव वकिलांचं डोकं वर आलं होतं. मारुतीरावांना कोर्टात बोलायची संधी फारशी मिळत नसे, त्यामुळं त्यांचं बरंचसं बोलणं शेजाऱ्यांच्या वाट्याला येई.

"हरिभाऊ, समुद्रावर जाताय? कायदेशीर सल्ल्याशिवाय? अहो, नावाडी म्हणजे काय चीज असते! भर पाण्यात होडी थांबवून अटी घालतो. तिथं तुमच्या बाजूनं बोलणार कोण? आम्ही येतो."

"आम्ही" म्हणजे मारुतीराव आणि त्यांच्या पत्नी कल्याणीबाई. कल्याणीबाईंची अट एकच होती. "ऊन डोक्यात शिरलं म्हणजे माझं अर्धं कपाळ उठतंय. डोक्यावर काहीतरी पाहिजे."

काहीतरी म्हणजे छत्री, अशी हरिभाऊंची समजूत होती. पण बातमी तोवर परशरामपर्यंत पोचली. परशराम हा लग्नामुंजीचे मांडव घालणारा. पंचक्रोशीत त्याच्या मांडवाखाली लग्न लागलेलं जोडपं मोडत नाही असं तो स्वतःच सांगे. तो संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, बायकामाणसं हैत. छत्री काय वाऱ्यावर टिकतीया? मी होडीवर मांडव घालून देतो. लाल कापड, झालर, वर पितळी कळस."

"परशराम, होडीला कळस कशाला?"

"कळस न्हाय तर मांडव बोडका दिसतोय. आब ऱ्हात न्हाय."

"बरं, देऊन ठेव. आम्ही नेतो."

परशराम दुखावला. "मांडव एकटा कुटं जात न्हाय मास्तर. मीपण येनार. तिकडनं आल्यावर लगीच निपाणीत तंबाकूवाल्या शेठजींच्या घरी लगीन हाय, त्येला ह्योच मांडव लागतोय. डाग पडता कामा न्हाय."

रात्री जेवताना जयाबाई काहीच बोलल्या नाहीत. बायको बोलत नाही तेव्हा ती रागावलेली असते की दमलेली, हे हरिभाऊंना इतक्या वर्षांतही ओळखता येत नसे. त्यांनी दमलेली असं धरलं, कारण ते सोयीचं होतं.

मोटार निघाली. टपावर परशरामचे बांबू, आत लाल कापडाचं गाठोडं. कल्याणीबाईंनी फराळाला मांडे घेतले होते. बेळगावच्या मांड्यांचा पातळपणा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको, की मांड्यांची टोपली ही तान्ह्या मुलासारखी न्यावी लागते. ती हरिभाऊंच्या मांडीवर आली. आंबोलीच्या घाटातलं प्रत्येक वळण त्यांनी टोपली तोलत पार केलं. दरी, धुकं, माकडं यांपैकी त्यांना काहीच दिसलं नाही. जयाबाईंना खिडकीजवळची जागा मिळाली होती, तीही कल्याणीबाईंना मळमळायला लागल्यावर गेली. सावंतवाडीला मोटार थांबली तेव्हा टपावरचे बांबू आणि झालर बघून एका म्हाताऱ्यानं आत डोकावून विचारलं, "वरात खंयची? नवरो खंय आसा?" सगळ्यांनी हरिभाऊंकडं बघितलं.

केळंब्याला रात्री धर्मशाळेत मुक्काम झाला. सकाळी हरिभाऊ सगळ्यांच्या आधी उठले. चंद्राची तिथी पाहून त्यांनी बेळगावातच हिशेब केला होता: सकाळी लवकर निघायचं, भरती लागायच्या आत खाडीच्या तोंडाशी पोचायचं, आणि भरतीच्या पाण्यावर आपोआप परत यायचं. हिशेब बिनचूक होता. त्यात बंदरावरची कचेरी तेवढी धरलेली नव्हती.

होडी म्हणजे खरा तो पडाव होता, गलबतापर्यंत माणसं आणि माल ने-आण करणारी रुंद, जाड बुडाची नाव. नावाडी बाबल तांडेल. तो म्हणाला, "मी तयार आसंय. पण कचेरीत नोंद करूक व्होयी."

कचेरीतल्या कारकुनानं चष्मा पुसला, दौत उघडली आणि विचारलं, "माल की उतारू?"

"उतारू," हरिभाऊ म्हणाले.

"उतरणार कुठं?"

"कुठंच नाही. समुद्राच्या तोंडापर्यंत जाणार, बघणार, आणि इथंच परत येणार."

"म्हणजे चढणार इथं आणि उतरणार इथं." कारकुनानं टाक खाली ठेवला. "मग गेलात कुठं?"

हा प्रश्न एखाद्या साधूनं विचारला असता तर हरिभाऊंनी त्याला नमस्कार केला असता. पण मागून मारुतीराव पुढं सरसावले. जो माणूस जलमार्गानं प्रवास करतो तो उतारूच, उतरणं हा प्रवासाचा आवश्यक घटक नव्हे, असं त्यांनी सुरू केलं. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं, तोवर त्याची जेवायची वेळ झाली, आणि तो जेवायला गेला. जेवणानंतर, केळंब्यातल्या रिवाजाप्रमाणं, तो झोपला.

तोवर परशरामनं पडावावर मांडव उभा केला. चार कोपऱ्यांना चार जाड बांबू, वर आडव्या काठ्या, त्यावर लाल कापड, चहूकडं झालर आणि मधोमध पितळी कळस. बंदरावरची माणसं बघायला जमली. जयाबाई दगडी धक्क्यावर बसून खाडीकडं बघत होत्या. चिखलात निवटे, बोटाएवढे मासे, टुणटुण उड्या मारत होते, ते त्या लक्ष देऊन बघत होत्या. हरिभाऊंनी एकदा त्यांच्याजवळ जाऊन "आता निघूच" असं सांगितलं. दुसऱ्यांदाही जाऊन तेच सांगितलं. तिसऱ्यांदा गेले नाहीत.

कारकून उठून आला, त्यानं पडाव बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "हे आधी सांगायचं की! मांडवाचं सामान. म्हणजे माल. माणसं मालाच्या राखणीला." त्यानं तशी नोंद केली आणि शिक्का मारला. आपली पत्नी, शेजारी वकील आणि आपण स्वतः अशी सगळी मंडळी एका लाल मांडवाची राखण करायला सरकारदरबारी रुजू झालो, हे हरिभाऊंच्या मनाला लागलं. पण भरती सुरू झाली होती आणि मनाला लावून घ्यायला वेळ नव्हता.

पाणी उलटं येत होतं, त्यामुळं बाबल बांबूनं रेटत रेटत पडाव पुढं नेत होता. दोन्ही काठांना माड, मध्येच एखादा खंड्या निळ्या ठिणगीसारखा जाई. पुढं खाडीवरचा दगडी पूल दिसला. जुना, ठेंगणा, काही कमानींचा. मधली कमान त्यातल्या त्यात उंच. तिच्यातून पलीकडं अर्धचंद्राएवढा समुद्र चमकत होता. जयाबाई उठून उभ्या राहिल्या.

"कळस लागणार नाही ना रे?" हरिभाऊंनी विचारलं.

"जाता, जाता," बाबल म्हणाला.

आणि पडाव खरंच गेला. कळस कमानीच्या दगडाला जेमतेम चाटला, एवढंच. तसंच पुढं सरकले असते तर ही गोष्ट इथं संपली असती. पण पुलाखाली छान गारवा होता, आणि कल्याणीबाई म्हणाल्या, "अहो, इथंच फराळ करूया की. पलीकडं ऊन आहे."

हरिभाऊंच्या मनात आलं, पाणी चढतंय. त्यांनी तोंडही उघडलं होतं. "चंद्राच्या आकर्षणामुळं..." एवढं बोलून झालं तोवर कल्याणीबाईंनी त्यांच्या पानावर मांडा वाढला आणि म्हणाल्या, "जेवताना भूगोल नको हो मास्तर."

समोर वाढलेलं पान आणि शेजारधर्म या दोन गोष्टींपुढं चंद्राचं काही चालत नाही. सगळे जेवले. मारुतीरावांनी पुलाच्या बांधकामावर मत दिलं. कमानीत घरटी केलेल्या पाकोळ्या झालरीवर शिटू लागल्या तेव्हा परशराम टॉवेल हलवत उभा राहिला. जेवणं झाल्यावर बाबलनं बांबू रेटला. पडाव हलला नाही. त्यानं पुन्हा रेटला. वरून "कर्र" असा आवाज आला.

सगळ्यांनी वर बघितलं. कळस दगडांच्या फटीत रुतला होता आणि आडव्या काठ्या कमानीला घट्ट चिकटल्या होत्या.

"अय्यो शिवने!" परशराम ओरडला.

"आता काय करायचं?" हरिभाऊंनी बाबलला विचारलं.

"पाणी उतरासर थांबाचा," बाबल म्हणाला, आणि काहीसा लाजून पुढं म्हणाला, "पण पाणी अजून चडतला."

याचा अर्थ हरिभाऊंना इतरांपेक्षा आधी कळला. वर दगड हलणार नाही, खाली पाणी थांबणार नाही, आणि मध्ये पडाव. गाठी सोडवाव्यात तर त्या कापडाच्या वरच्या अंगाला, दगडाला भिडलेल्या. तिथं हात शिरत नव्हता. नागोजीनं कोपऱ्यातल्या बांबूला मिठी मारली. "मोडू काय मास्तर? एका हिसक्यात मोडतो."

परशराम आडवा आला. "आदी मला मोड! निपाणीच्या शेठजींना काय तोंड दावू?"

"परशरामच्या संमतीशिवाय मोडता येणार नाही," मारुतीरावांनी निवाडा दिला. "मालमत्तेचं नुकसान होतं."

"आणि आपण बुडालो तर?" कल्याणीबाई म्हणाल्या.

"तो वेगळा मुद्दा आहे."

परशरामनं कामं वाटून दिली. त्याचं म्हणणं, चारी खांब सरळ धरले तर पाणी ओसरेपर्यंत मांडव तग धरील. "मास्तर, ह्यो खांब तुमचा. दोनी हातानं धरा. सोडू नगा." हरिभाऊंनी खांब धरला. ते अर्धवट वाकून उभे होते, मानेवर लाल झालर आली होती. एरवी वर्गात मुलगा असा उभा राहिला असता तर त्यांनी त्याला सरळ केलं असतं.

पुलावर एव्हाना गर्दी जमली होती. बेळगावात सल्ला शेजारी देतात. इथं अनोळखी माणसं कठड्यावरून ओणवून देत होती. एकानं पाणी उपसायला सांगितलं. ते पडावातलं की खाडीतलं, हे त्यानं स्पष्ट केलं नाही. एकानं नारळ फोडायला सांगितला आणि दुसऱ्यानं नारळ टाकलाही; तो मारुतीरावांच्या पायावर पडला.

एवढ्यात शेजारच्या कमानीतून एक छोटी होडी आली, एका लाकडात कोरलेली. वल्ह्यावर एक काळीसावळी बाई, तिचं नाव शेवंती हे नंतर कळलं. ती खाडीच्या तोंडाशी लावलेलं जाळं बघायला चालली होती. मांडव बघून तिनं वल्हं थांबवलं.

"ह्यां काय गो? लगीन?"

"नाही गं," जयाबाई म्हणाल्या. "समुद्र बघायला आलोय."

शेवंतीनं त्यांच्याकडं बघितलं, कमानीकडं बघितलं. "मगे बस. मी थंयच चललंय."

जयाबाईंनी पदर खोचला. मागं वळून त्या हरिभाऊंना म्हणाल्या, "येताय काय?"

"अगं, मी आत्ता खांब कसा सोडू?" हरिभाऊ म्हणाले.

जयाबाई क्षणभर थांबल्या. मग पडावाच्या काठावर बसून त्यांनी पाय पलीकडं टाकले आणि कुणाचा हात न धरता छोट्या होडीत उतरल्या. कल्याणीबाईंनाही शेवंतीनं विचारलं, पण त्यांना उन्हाची भीती बुडण्यापेक्षा जास्त होती. होडी निघाली. कमानीच्या अर्धचंद्रातून ती लहान लहान होत गेली, आणि हरिभाऊ झालरीखालून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

मग कुणीतरी वरून ओरडलं, "अरे, वजन घाला! पडाव दबलो काय मांडव सुटतलो!"

सल्ला खोटा नव्हता. भार वाढला की नाव खाली बसते, हे हरिभाऊंनीही शिकवलं होतं. पण तो इतक्या लोकांना एकदम पटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुलावरून दोन माणसं दोर धरून उतरली. मग आणखी चार. मग बाजाराला निघालेली काही मंडळी, कारण फुकट होडीत बसायला मिळत होतं. एक जण बकरी घेऊन उतरला. प्रत्येक जण आला की पडाव चार बोटं दबे, आणि तेवढ्यात भरती तो पाच बोटं उचले. शेवटी पाणी काठाला आलं. मांडे ठेवलेली टोपली तरंगली, फिरली, आणि कमानीबाहेर गेली. तिथं एक पाणमांजर डोकं वर काढून होतं, त्यानं ती तपासली.

"पाणी आत आलं!" कल्याणीबाई किंचाळल्या.

"मी हाय!" म्हणून नागोजीनं पाण्यात उडी टाकली. विहिरीत उडी मारली की माणूस तिथंच राहतो. खाडीत तसं नसतं. भरतीच्या ओढीनं त्याला सरळ बंदराकडं नेलं; तो "मास्तर, मी हाय!" असं ओरडत दूर दूर गेला आणि शेवटी चिखलात जाऊन रुतला.

हरिभाऊंच्या पायांशी पाणी आलं. त्यांच्या हातात खांब होता, डोक्यावर झालर होती, मांडीशी बकरी होती, आणि भोवती पंधरावीस माणसं एकमेकांना सल्ला देत होती. सगळ्या नोकरीत त्यांनी आवाज चढवला नव्हता. मुख्याध्यापकांनी त्यांची सुट्टी कापली तेव्हाही नाही. तो त्यांनी आता चढवला.

"बाबल, मोड मांडव!"

"मास्तर!" परशराम ओरडला.

"परशराम, मी तुझ्याबरोबर निपाणीला येतो, शेठजींच्या पाया पडतो. पण मोड रे बाबल!"

बाबलनं पडावातल्या कुऱ्हाडीचा एकच घाव घातला. एक खांब गेला, मग दुसरा त्याच्या मागं, आणि लाल मांडव सगळ्या उतारूंसकट, वकिलांसकट आणि बकरीसकट खाली बसला. पडाव सुटला. भरतीनं तो उचलला आणि आल्या दिशेनं, म्हणजे बंदराकडं, झोकात परत आणून सोडला. कापडाखाली अंधारात मारुतीराव, "कुणी हलू नका, आधी परिस्थिती समजून घेऊ," असं सांगत होते.

धक्क्यावर कारकून उभा होता. त्यानं कापडाचं एक टोक उचललं, आतली माणसं बघितली, आणि म्हणाला, "मांडव नेला तेवढा परत आलेला नाही. कळस कुठाय?"

कळस पुलात राहिला होता. बाकी, बांबू गेले तरी परशरामचं कापड शाबूत निघालं. ते माडांवर वाळत घातल्यावर त्याचा जीव शांत झाला. "बांबू निपाणीत लई मिळतात," तो हरिभाऊंना म्हणाला. "पाया पडाय येऊ नगा. तुमी आला तर आनि कायतरी हुईल." हे ऐकून हरिभाऊंना समाधान वाटावं की दुःख, ते ठरेना.

ऊन कललं होतं. नागोजीला चिखलातून ओढून काढलं होतं. कल्याणीबाईंचं अर्धं कपाळ उठलंच होतं. हरिभाऊ एकटे धक्क्याच्या टोकाशी जाऊन बसले. त्यांना राग आला होता. बायको एका अनोळखी बाईबरोबर ओंजळीएवढ्या होडीतून निघून गेली, आणि जाताना तिनं एकदाही मागं बघितलं नाही. आधी राग आला, मग अंधार पडायला लागला तशी काळजी वाटायला लागली, आणि मग छोटी होडी दिसली तेव्हा पुन्हा राग आला.

जयाबाई उतरल्या. पाय चिखलानं भरले होते, नाकाचा शेंडा उन्हानं लाल झाला होता, पदराच्या गाठीत शिंपले वाजत होते.

"अहो, एक पक्षी, घारीहून मोठा," त्या दम घेत म्हणाल्या, "पोट पांढरं. वरनं आला आणि पायांत मासा घेऊन गेला, पाणी हललंसुद्धा नाही. आणि काळ्या पाठीचे मोठे मासे, गाडीच्या चाकासारखे वर यायचे आणि खाली जायचे. चार होते. होडीच्या अगदी जवळ."

"ते मासे नव्हेत," हरिभाऊ म्हणाले. शिक्षकाची जीभ कुठल्याही प्रसंगी आधी चालते. "तो सस्तन प्राणी. फुप्फुसानं श्वास घेतो."

"घेत असेल. माझ्याकडं बघून फुस्स केलं त्यानं."

हरिभाऊंनी भिजलेल्या धोतराचा सोगा पिळला. "मला टाकून गेलीस तू."

"हाक मारली होती की," जयाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही मांडव धरून उभे होतात."

हरिभाऊंकडं उत्तरं होती. खांब सोडला असता तर काय झालं असतं, परशरामला शब्द दिला होता, वकिलांच्या देखत बरं दिसलं नसतं. तिन्ही त्यांच्या घशापर्यंत आली आणि तिथंच बसली, कळस दगडात बसला तशी.

धर्मशाळेत मंडळी लवकर झोपली. मोटार सकाळी निघायची होती. पहाटे फटफटलं तेव्हा हरिभाऊंनी जयाबाईंना हलवून उठवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. दोघं बाहेर आली. ओसरीत मारुतीराव मिश्री लावत बसले होते.

"कुठं निघालात?"

"तोंड धुवायला," हरिभाऊ म्हणाले.

"दोघं?"

"दोघांनाही तोंडं आहेत."

वकिलांशी बोलताना पहिल्यांदाच शेवटचा शब्द आपला राहिला, हे हरिभाऊंच्या लक्षात आलं. ते झपाझप चालायला लागले.

शेवंती होडीतलं पाणी उपसत होती. "दोघां बसतलीत," ती म्हणाली, "पण हलूचा नाय."

हरिभाऊंनी धोतर गुडघ्यावर घेतलं, वहाणा काठावर ठेवल्या आणि पाय लांब करून होडीच्या तळाशी बसले. पाणी हातभर अंतरावर होतं. पाठीमागं टेकायला काही नव्हतं, धरायला काही नव्हतं. ओहोटी होती, होडी आपसूक समुद्राकडं चालली होती. पूल आला तशी हरिभाऊंनी मान खाली घातली.

"मान कित्याक घालतास, मास्तर?" शेवंती म्हणाली. "वर हत्ती जायत इतकी जागा आसा."

जयाबाई हसल्या. हरिभाऊंनी मान वर केली. कमानीच्या दगडात परशरामचा कळस चमकत होता आणि त्याच्यावर एक कावळा बसला होता.

पुलापलीकडं खाडी रुंद झाली, आणि रुंद होता होता खाडी राहिलीच नाही. हरिभाऊंनी काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, क्षितिजाबद्दल, गोलाईबद्दल. पण ते बोलले नाहीत. शेवंतीनं वल्हं आडवं धरलं. पाणी सपाट होतं. पक्षी नव्हता, मासे नव्हते.

"तिथं होते," जयाबाई बोट दाखवून म्हणाल्या. "त्या खडकाच्या अलीकडं. तिथनं असे आले..." त्यांचा हात हवेत वर गेला आणि खाली आला. "आणि मग तिकडं."

हरिभाऊ त्या दाखवतील तिकडं बघत होते. खडकाकडं, मग अलीकडं, मग तिकडं. मध्येच एकदा पाणी जरा काळं झाल्यासारखं वाटलं आणि ते अर्धवट उठले, तशी होडी डचमळली. जयाबाईंनी त्यांच्या उपरण्याचं टोक धरून त्यांना खाली बसवलं. टोक त्यांनी सोडलं नाही.

मागं बंदरावरून सर्व्हिस मोटारीचा भोंगा ऐकू आला. थोड्या वेळानं पुन्हा आला, लांबलचक, आणि त्यात कुणीतरी "हरिभाऊऽऽ" अशी हाकही मिसळली होती.

शेवंतीनं मागं वळून बघितलं. "फिरवू काय?"

हरिभाऊंनी जयाबाईंकडं बघितलं. त्या खडकाकडं बघत होत्या.

"थोडं पुढं घे," हरिभाऊ म्हणाले.